एकाच स्वयंपाकात पाच जणांचा समतोल आहार कसा बसवावा?

कस्तुरमोगरा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापुरात राहतो आणि घरात पाच माणसे आहोत. सासऱ्यांचे वय ६८ असून त्यांना मधुमेह आणि रक्तदाब हे दोन्ही आजार आहेत. मधुमेहासाठी ते बऱ्याच वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, पूर्ण शाकाहारी आहेत, आणि अलीकडे त्यांना जिना चढताना पायांत बळ राहत नाही. यजमानांचे काम बैठे आहे, वजन वाढलेले आहे. मुलगी १३ वर्षांची आहे. मी स्वतः शाळेत शिकवते. नुकत्याच केलेल्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन १०.४ आले.

अडचण अशी आहे की प्रत्येकाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे सल्ले मिळाले आहेत. सासऱ्यांना कर्बोदके कमी करायला सांगितले, सासूबाईंना प्रथिने वाढवायला, मला लोह आणि मुलीला कॅल्शियम. समाजमाध्यमांवर पाहावे तर ओट्स, किनोआ, चिया आणि प्रथिनांची पावडर यांशिवाय कोणी बोलत नाही. सकाळी साडेसातला मला घराबाहेर पडावे लागते, त्यामुळे पाच जणांसाठी पाच प्रकार करणे मला शक्य नाही, आणि महागड्या वस्तू दरमहा आणणेही परवडणारे नाही.

आमचे सध्याचे जेवण असे आहे. सकाळी चहा-बिस्किटे, नंतर पोहे किंवा उपीट. दुपारी ज्वारीची भाकरी किंवा पोळी, एक भाजी (बहुतेक वेळा बटाटा किंवा वांगे), शेंगाचटणी, भात आणि वरण. पाच जणांच्या वरणाला मी एक लहान वाटी तुरीची डाळ शिजवते. जेवण झाले की घरात सगळ्यांना चहा लागतो. संध्याकाळी पुन्हा चहा आणि त्याबरोबर शेव किंवा चिवडा. रात्री दुपारसारखेच, कधी मुगाची खिचडी. दही-ताक उन्हाळ्यात होते, एरवी नियम नाही. यजमान आणि मुलगी अंडी खातात, बाकी कोणी नाही.

याच स्वयंपाकात थोडा फेरफार करून सगळ्यांची गरज भागेल का, हे कृपया सांगावे. भाकरी आणि पोळी यांपैकी काय ठेवावे, हेही कळले तर बरे होईल.

तोलूनमापून

आपण जेवणाचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या स्वयंपाकघरात नवी वस्तू आणण्याची गरज नाही. पदार्थ योग्य आहेत, प्रमाण बिघडले आहे, आणि ते प्रमाण पाचही जणांच्या पानात एकाच दिशेने बिघडलेले असल्यामुळे एकाच स्वयंपाकात ते सुधारताही येईल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाला साधारण २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या आहाराचा आराखडा दिलेला आहे : धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी व कडधान्ये (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. ही वजने कच्च्या शिध्याची आहेत, शिजलेल्या अन्नाची नाहीत.

आता आपले पान या आराखड्याशेजारी ठेवून पाहू. आपल्याकडची हातावर थापलेली मोठी भाकरी ८० ग्रॅम पिठाची धरली, तर दिवसभरात तीन भाकऱ्या खाल्ल्या की धान्याचा वाटा संपतो. त्याशिवाय सकाळचे पोहे, दोन्ही वेळचा भात आणि चहाबरोबरची बिस्किटे हे सगळे धान्यच आहे, आणि भाजी बटाट्याची असेल तर तीही पिष्टाच्याच खात्यात जाते. उलट एका लहान वाटीत साधारण १०० ग्रॅम डाळ मावते. ती पाच जणांत वाटली की माणशी २० ग्रॅम डाळ आणि साडेचार ग्रॅमच्या आत प्रथिने मिळतात. दोन्ही वेळचे वरण धरले तरी डाळीचा आकडा ४० ग्रॅमवर थांबतो, म्हणजे आराखड्यातल्या निम्म्याहूनही खाली. भाज्यांचे ४०० ग्रॅम तर पाच जणांना मिळून दिवसाला दोन किलो होतात. आपण रोज किती भाजी आणता, याचा अंदाज आपल्यालाच अधिक चांगला असेल.

म्हणून पहिला बदल वरणात करावा. डाळ दुप्पट करावी आणि पाणी तेवढेच ठेवावे, म्हणजे वरण वाढताना ते भातात जिरून न जाता वाटीत उभे राहील. दुसरा बदल असा की दोन्हींपैकी एका जेवणात वरणाऐवजी, किंवा वरणाच्या जोडीला, मोड आलेल्या कडधान्याची उसळ असावी. तिसरा बदल म्हणजे भाकरी असेल त्या वेळी भात अगदी चवीपुरता, आणि भात हवा असेल त्या वेळी भाकरी अर्धी. चौथी गोष्ट कोशिंबीर. आपल्या पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर वाढण्याची पद्धत आहे. अनेक घरांत त्यातली कोशिंबीर आता सणापुरती उरली आहे. काकडी, गाजर, मुळा, बीट, कोबी, टोमॅटो यांपैकी जे मिळेल ते दाण्याचे कूट आणि दही घालून रोज एक वाटी प्रत्येकाच्या पानात गेले, तर भाज्यांचा मोठा वाटा स्वयंपाकाचा वेळ न वाढवता भरून निघतो.

प्रथिनांचा हिशेबही मांडून दाखवते, कारण पावडरीचा प्रश्न त्यातून आपोआप सुटतो. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आपल्यासारख्या धान्यप्रधान शाकाहारात ती एक ग्रॅमपर्यंत धरणे अधिक सुरक्षित. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. ज्वारीच्या २४० ग्रॅम पिठातून सुमारे २४ ग्रॅम, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांतून १८, ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून ९ आणि ३५ ग्रॅम शेंगदाण्यांतून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ५९ होते. शिवाय धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी-उसळ किंवा वरण-भात एकत्र खाल्ल्याने प्रथिनांची प्रतही सुधारते. सासूबाईंच्या बाबतीत मात्र एक लक्षात ठेवावे : ही प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात न घेता सकाळ, दुपार आणि रात्र अशी विभागून घ्यावीत, आणि त्यांच्या जोडीला रोज खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा किंवा तत्सम हलका व्यायाम असावा. स्नायूंना काम मिळाले नाही तर नुसत्या खाण्याने पायांत बळ येत नाही.

भाकरी की पोळी, याचे उत्तर थोडक्यात देते. दोन्ही चालतील. ज्वारीत तंतुमय भाग चांगला असतो आणि गव्हाचे पीठही न चाळता वापरले तर त्यातला कोंडा टिकतो. पण भाकरी म्हणजे कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, असा जो समज अनेक मधुमेही बाळगून असतात, तो घातक आहे. ज्वारीतही ६५ ते ७० टक्के कर्बोदकेच असतात. सासऱ्यांनी भाकऱ्यांची संख्या ठरवून घ्यावी आणि जेवणाची सुरुवात कोशिंबीर व उसळीने करून भाकरी-भात नंतर घ्यावा. अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर तुलनेने कमी चढते.

तेल आणि मीठ रोज मोजणे कोणालाही जमत नाही, पण महिन्याच्या किराण्याच्या यादीतून ते बरोबर कळते. माणशी २७ ग्रॅमप्रमाणे पाच जणांना महिन्याला साधारण चार किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत, तेल आणि तूप मिळून लागायला हवे. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगितली आहे, म्हणजे आपल्या घराला महिन्याला पाऊण किलो, आणि त्यात लोणचे, पापड, शेव, चिवडा यांतले मीठही आले. किलोचा पुडा महिना संपायच्या आत संपत असेल, तर सासऱ्यांच्या रक्तदाबासाठी गोळीइतकेच तिकडेही लक्ष द्यावे लागेल.

काळी माती

ताई, मी बार्शी भागात शेती करतो. वर ज्या कडधान्यांचा उल्लेख आला आहे त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण सोलापुरात राहून किनोआ आणावा लागावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्याकडे पूर्वी एका रानात एकच पीक क्वचितच असे. खरिपाच्या बाजरीत तूर, मटकी, हुलगा (म्हणजे कुळीथ) आणि रब्बीच्या ज्वारीत करडईचे पट्टे, कडेला जवस, अशी पेरणी असायची. त्यामुळे घरात धान्य आले की त्याच्याबरोबर डाळ आणि तेलबीही आपोआप येई, आणि ताटातला समतोल शेतातच ठरून जाई. हरितक्रांतीनंतर गहू-तांदूळ मुबलक झाले, रेशनवरही मुख्यतः तेच मिळत राहिले. ज्वारी-बाजरी मागे पडली, हे सगळ्यांना दिसले, पण तिच्याबरोबर हुलगा, मटकी आणि जवसही ताटातून गेले, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि शहरात भाकरीला पुन्हा मान आला आहे, पण नुसती भाकरी परत येऊन भागणार नाही. तिच्या सोबतीचे हुलगा-मटकीही परत आले पाहिजेत.

आपल्या भागातल्या सणांचे जेवण पाहा. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, वांगे, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, तिळाचे कूट घालून केलेली मिसळीची भाजी असते. वेळा अमावस्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही गावांत शेतात जी भज्जी करतात, तिच्यात तुरीचे, वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात असे रानात जे जे असेल ते सगळे पडते. जोडीला बाजरीचे उंडे आणि ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील. धान्य, कडधान्य, पालेभाजी, तेलबी आणि ताक असे सगळे त्या एका जेवणात येते. वर्षातून एकदा होणारी ही भाजी आठवड्यातून एकदा, सोप्या रीतीने, कुकरमध्येही होऊ शकते. आमच्या घरी हिवाळाभर होते.

हुलगे रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी मोड येतात, आणि मटकीला तर उन्हाळ्यात एवढाही वेळ लागत नाही. रविवारी मटकी आणि हुलगे दोन्हींना मोड आणून फ्रिजमध्ये ठेवले, तर निम्म्या आठवड्याची सोय होते. हुलग्याचे पिठले आणि माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, हेही करावे. माडगे सासूबाईंना संध्याकाळच्या चिवड्याऐवजी नक्की आवडेल. भाज्यांमध्ये बटाटा-वांग्याबरोबर अंबाडी, तांदुळजा, चाकवत, करडईची कोवळी भाजी, शेवग्याचा पाला, घोळ या भाज्या आठवडी बाजारात स्वस्त मिळतात. करडईची भाजी हरभऱ्याची डाळ आणि लसूण घालून परतली, की मुलेही खातात.

चटणीबद्दल एक सांगतो. शेंगाचटणी तर आपली आहेच, पण जवस, कारळे आणि तीळ यांच्या चटण्या आलटून-पालटून ठेवाव्यात. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून लसूण, मिरची, जिरे आणि बेताचे मीठ घालून कुटावेत. अख्खे जवस पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटणे आवश्यक आहे. कुटलेली चटणी फार दिवस ठेवली तर खवट होते, त्यामुळे एका वेळी आठवड्याला पुरेल एवढीच करावी.

पहाटवारा

वरील सर्व सूचना चांगल्या आहेत. माझ्याकडून दोनच गोष्टी. साखर पूर्ण बंद करून चहात गूळ घालावा, त्याने आपले लोहही वाढेल आणि सासऱ्यांनाही चहा घेता येईल. आणि सासऱ्यांचा भात तर कायमचा बंदच करावा.

दवाखान्यातून

वरील दोन्ही सूचनांबाबत नम्रपणे वेगळे मत मांडतो. मी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो आणि गुळाचा हा समज रोज ऐकतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गूळ हा उसाच्या रसातूनच येतो आणि त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. त्यात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे आहे, पण चहाच्या कपात जाणाऱ्या एक-दोन चमचे गुळातून मिळणारे लोह हे स्त्रीच्या रोजच्या २९ मिलिग्रॅमच्या गरजेपुढे नगण्य आहे. मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर मात्र गुळाने साखरेसारखीच वाढते. गुळाचा चहा चालतो असे मानून सासऱ्यांनी दिवसातून चार वेळा तो घेतला, तर लाभ काहीच नाही आणि नुकसान निश्चित आहे. चहा हवा असेल तर बिनसाखरेचा आणि दिवसातून दोनदाच घ्यावा. भाताचे म्हणाल, तर मोजून घेतलेला अर्धी वाटी भात, घट्ट वरण आणि भरपूर भाजीबरोबर, बहुतेक मधुमेहींना चालतो. वर्षानुवर्षे भात खाल्लेल्या माणसाला तो कायमचा तोडायला लावला, की महिन्याभराने पथ्यच मोडते, असा माझा अनुभव आहे.

आता कस्तुरमोगरा यांच्या हिमोग्लोबिनकडे वळतो, कारण या धाग्यात त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही आणि पाच जणांच्या तक्रारींत मला सर्वांत तातडीची तीच वाटते. स्त्रियांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर रक्तक्षय मानतात, आणि १०.४ हा आकडा मध्यम स्वरूपाच्या रक्तक्षयात मोडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातल्या देशातल्या आणि महाराष्ट्रातल्याही निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. इतका सर्वत्र दिसतो म्हणूनच घरातल्या बाईचे थकणे हे कामाचे थकणे समजून सोडून दिले जाते. तसे होऊ देऊ नका. डॉक्टरांना दाखवून फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) आणि बी-१२ या तपासण्या कराव्यात, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही न संकोचता सांगावे, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. हिमोग्लोबिन वाढल्यावर लगेच गोळ्या थांबवल्या, तर शरीरातला लोहाचा साठा भरत नाही आणि काही महिन्यांत पुन्हा तोच आकडा दिसतो. या टप्प्यावर नुसत्या आहाराने ते भरून काढणे कठीण असते. आहाराचे काम पुढे ते टिकवण्याचे.

आहारात पहिला बदल करायचा तो जेवणानंतरच्या चहात. धान्ये, डाळी आणि पालेभाज्या यांतले लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे ते आणखी कमी होते. म्हणून चहा आणि जेवण यांत दोन्ही बाजूंनी किमान एक तासाचे अंतर ठेवावे. क जीवनसत्त्व याच्या उलट काम करते. उसळीवर, पोह्यांवर, पालेभाजीवर लिंबू पिळून घ्यावे, किंवा जेवणात पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो असावा. लिंबू भाजी शिजताना न घालता पानात पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. कडधान्यांना मोड आणल्यानेही लोहाचे शोषण सुधारते, कारण लोहाला अडवणारे फायटेट त्यात कमी होते. पालेभाज्या लोखंडी कढईत कराव्यात आणि झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवाव्यात. लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये.

सासऱ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांना अवश्य विचाराव्यात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते, आणि शाकाहारी माणसाला ते मुळातच दूध-दह्यातून मिळेल तेवढेच मिळते. त्यामुळे त्यांची बी-१२ ची तपासणी व्हायला हवी. पायांना मुंग्या येत असतील तर लवकर. सासूबाईंचीही याच वेळी करून घ्यावी, कारण पायांत बळ नसण्याचे कारण नेहमी प्रथिनेच असतात असे नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरताही त्यामागे असू शकते. दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसाच्या आहारात डाळी वाढवण्यापूर्वी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) आणि लघवीतले प्रथिन तपासलेले असावे. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे लागते. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. तेही अशा रुग्णाला, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना, विचारल्याशिवाय देऊ नये.

कस्तुरमोगरा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तपासण्यांसाठी वेळ घेतली आहे आणि आजपासून वरणाची डाळ वाढवली आहे. दुपारच्या चहाची वेळ मात्र सासूबाईंशी बोलून ठरवावी लागेल.

दोन शंका राहिल्या आहेत. पहिली उपवासाची. सासूबाई एकादशी, चतुर्थी आणि प्रत्येक गुरुवार असे उपवास करतात आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि चहा एवढेच होते. उपवास सोडण्याचे त्यांना मी सांगू शकत नाही आणि सांगू इच्छितही नाही, कारण त्यांच्या श्रद्धेचा तो भाग आहे. सासरे आषाढी आणि कार्तिकी एकादशी करतात. पंढरपूर जवळ असल्याने त्या दिवशी दर्शनालाही जातात. दुसरी शंका मुलीची. ती भाकरीला हात लावत नाही, डबा अर्धा परत आणते आणि संध्याकाळी पाकिटातले काहीतरी खाते.

तोलूनमापून

उपवासाबाबतची आपली भूमिका मला पूर्णपणे योग्य वाटते. उपवास कायम ठेवून त्या दिवसाचे पदार्थ बदलता येतात, आणि महिन्यात आठ-नऊ दिवस उपवास असतील तर ते बदलणे आवश्यकही आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाच असतात. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटातून येते. त्याऐवजी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हा जोड पुष्कळ चांगला, कारण घट्ट आमटीतून शेंगदाण्यांची प्रथिने मिळतात. राजगिऱ्याचे पीठ तर याहून सरस आहे; त्याच्या १०० ग्रॅममध्ये १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि कॅल्शियम व लोहही चांगले असते. राजगिऱ्याचे थालीपीठ किंवा घावन आणि वाटीभर दही, दुपारी ताक, संध्याकाळी एखादे फळ, रात्री एक पेला दूध, असा दिवस ठेवला तर सासूबाईंचा नियमही पाळला जातो आणि प्रथिनांचा खंडही पडत नाही. उपवासाला काय चालते याचे नियम घरोघरी निराळे असतात, तेव्हा काकडीची कोशिंबीर त्यांच्या नियमात बसत असेल तर तीही असावी.

मुलीला भाकरीचा आग्रह करू नये. तीच धान्ये थालीपिठातून द्यावीत. भाजणीत ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्याबरोबर हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असतेच. घरी भाजणी करताना डाळींचा वाटा एकूण धान्याच्या निम्म्यापर्यंत न्यावा, मळताना त्यात मेथी किंवा कोथिंबीर चिरून घालावी, आणि दह्याबरोबर द्यावे. भाजणी एकदा करून ठेवली की डब्याचा प्रश्न पंधरा-वीस दिवस मिटतो. या वयात तिला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध-दह्याच्या ३०० मिलिलिटरमधून त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग मिळतो. बाकीच्यासाठी नाचणीचे आंबोळे किंवा लाडू, तिळाची चटणी आणि पालेभाज्या यांची मदत घ्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती अंडी खाते हे चांगलेच आहे. संध्याकाळी शाळेतून येताच उकडलेले अंडे, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे किंवा काकडी-टोमॅटो घातलेली मटकीची भेळ समोर तयार असेल, तर पाकिटाची आठवण कमी होते. भूक लागल्यावर जे हाताशी असेल ते मुले खातात, म्हणून पाकिटे घरात साठवून ठेवू नयेत. तिच्या शाळेत आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देत असतील, तर ती तिने न चुकता घ्यावी. पोट रिकामे नसताना घेतली म्हणजे मळमळ होत नाही.

दवाखान्यातून

सासऱ्यांच्या एकादशीबद्दल एवढेच लिहितो. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर एकदम खूप खाली जाण्याची भीती कमी असते, परंतु त्याबरोबर ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची दुसरी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर ही भीती गंभीर असते. म्हणून आषाढीच्या आधी आठवडाभर डॉक्टरांकडे जाऊन त्या दिवशीच्या गोळ्यांची मात्रा आणि वेळ लिहून घ्यावी. दिवसभर निर्जळ राहू नये, दर दोन-तीन तासांनी थोडे ताक किंवा पाणी घ्यावे, आणि साबुदाणा-बटाट्याऐवजी सासूबाईंसाठी केलेले राजगिऱ्याचे थालीपीठ आणि दही त्यांनीही खावे. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत कित्येक तास जातात, तेव्हा खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज जवळ असू द्यावे. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच बसून तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि मदत केंद्रावर कळवावे. त्यांना एकट्याला पाठवू नका.